जुनी रिव्हॉल्व्हर घ्यावी की नको? पुण्यातल्या परवानाधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परवाना हातात आला की महिन्याभरात कुणी ना कुणी भेटतोच. "माझी कपाटात पडून आहे, तुम्हीच घेऊन टाका." कधी तो नात्यातला असतो, कधी सोसायटीतला निवृत्त अधिकारी, कधी गन हाउसचा मालक. खालची उत्तरं अशा वेळी कामाला यावीत म्हणून लिहिली आहेत. ज्यांच्याकडे शस्त्र परवाना आहे किंवा जे तो रीतसर मागत आहेत, त्यांच्यासाठीच ती आहेत.

मुळात मला रिव्हॉल्व्हर लागते का?

हा प्रश्न शेवटी विचारला जातो, तो आधी विचारा. पुण्यात अर्ज करणाऱ्यांची कारणं साधारण ठरलेली असतात: व्यवसायात रोख रकमेची ने-आण, मुळशी-मावळाकडे एकटं फार्महाउस, जमिनीचा वाद, कुणाची तरी धमकी. यातली काही कारणं खरी असतात. तरी चोरीची भीती असेल तर चांगला दरवाजा, उजेड, कुत्रा आणि कॅमेरा यांवर आधी खर्च करा. वर्षातून एकदाही सराव करणार नसाल तर रिव्हॉल्व्हर घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. घाबरलेल्या माणसाच्या हातात सराव नसलेलं शस्त्र आलं की पहिला धोका घरच्यांनाच असतो.

नेमबाजीची आवड म्हणून घेत असाल तर वाट वेगळी आहे. २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या .१७७ (हे नळीचं इंचातलं माप) एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. सुरुवात तिथून करा. २५ मीटर सेंटर फायर या स्पर्धाप्रकारात .३२ चालतं, पण लांब नळीचं आणि नेमाची साधनं नीट जुळवता येणारं. खिशातल्या आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरने तो खेळ होत नाही.

परवाना अजून आला नाही. वस्तू चांगली आहे, इसार देऊन अडवून ठेवू का?

नको. परवाना मिळेल की नाही हे तुमच्या हातात नसतं. पोलिस अहवाल विरुद्ध गेला तर इसारावरून वाद होतो, आणि तो घेऊन कुठे जाणार? "तोवर तुमच्याकडेच ठेवा" असं कुणी म्हणालं तर सरळ उठून या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. निषिद्ध बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप, काही मापं सामान्य परवान्यावर चालत नाहीत) असेल तर किमान सात, आणि शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. मैत्रीखातर ठेवून घेतलं, हा बचाव तिथे चालत नाही.

पुण्यात अर्ज नेमका कुणाकडे जातो?

तुम्ही राहता कुठे त्यावर. पुणे शहर आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर पोलिस आयुक्त. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून वेगळं आहे, त्यामुळे त्या हद्दीतल्यांचं काम तिकडे. ग्रामीण भागातल्यांसाठी जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी. पत्ता बदलून एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत आला असाल आणि परवाना अजून जुन्या ठिकाणचाच असेल, तर आधी तो नीट करून घ्या. खरेदीची कामं बहुतेक इथेच अडकतात.

मालकाकडून थेट घेता येते का, की दुकानातूनच घ्यावी लागते?

थेट घेता येते. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ स्वतःच्या वापराचं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायची मुभा देतं. अट अशी की विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं. कुणाला विकतोय त्याचं नाव-पत्ता द्यायचा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. कळवल्याच्या अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या आणि तिची प्रत स्वतःकडे ठेवा. प्रत्यक्षात परवाना शाखेची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय पैसे आणि शस्त्र दोन्ही हलवू नयेत.

लोकांना हे ४५ दिवस अडचण वाटतात. मला ते घेणाऱ्याच्या फायद्याचे वाटतात. वस्तू तपासायला, कागद जुळवायला आणि मन बदलायला तेवढा वेळ लागतोच.

दुकानाच्या मार्फत घेतली तर नोंदवही, बिल आणि जमा-पावती एका ठिकाणी मिळते. दुकानदार त्याचं कमिशन घेईल. पहिल्यांदा घेणाऱ्याने ते द्यावं असं मी सांगतो.

माझी बाराबोर बंदूक आहे, समोरच्याची रिव्हॉल्व्हर. नुसती अदलाबदल केली तर?

कायद्याच्या दृष्टीने अदलाबदल म्हणजे दोन स्वतंत्र हस्तांतरणं. दोघांनी वेगवेगळं कळवायचं, दोघांनी ४५ दिवस थांबायचं, दोघांच्या परवान्यावर एक शस्त्र कमी आणि एक जास्त अशी नोंद व्हायला हवी. तुमच्या परवान्यावर फक्त बंदूक लिहिलेली असेल तर रिव्हॉल्व्हरसाठी आधी शस्त्र बदलाची परवानगी काढावी लागेल. ती मिळेलच असं गृहीत धरू नका. बंदूक आणि हातात मावणारं शस्त्र यांच्याकडे अधिकारी एकाच नजरेने बघत नाहीत.

एकाची परवानगी आली, दुसऱ्याची अडकली, असंही होतं. म्हणून दोघांनी साध्या कागदावर आधीच लिहून ठेवावं: दोन्ही परवानग्या आल्याशिवाय एकही शस्त्र हलणार नाही, आणि एक नाकारली गेली तर व्यवहार रद्द. वरचे पैसे कोण कुणाला किती देणार, तेही त्याच कागदावर.

आणखी एक. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. वारशाने आलेलंही त्या दोनमध्येच धरतात. तुमच्याकडे दोन असतील तर "आधी ही घेतो, मग ती देतो" जमणार नाही. क्रम उलटा हवा.

आजोबांची रिव्हॉल्व्हर आहे. ते वारले. काका म्हणतात, तू घेऊन टाक.

काकांच्या म्हणण्याने ती तुमची होत नाही. परवानाधारक गेल्यावर ते शस्त्र घरात ठेवायचा अधिकार कुणाकडेच उरत नाही. पहिलं काम म्हणजे ते पोलिस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून पावती घेणं. सगळे विधी उरकल्यावर बघू, असं म्हणत महिने घालवू नका. त्यानंतर वारस म्हणून अर्ज करायचा, सोबत मृत्यू दाखला आणि इतर वारसांची ना-हरकत. आत्या, बहिणी, सगळ्यांची. जमिनीच्या वाटणीवरून अबोला असलेल्या घरांत ही एक सही मिळवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आजोबा हयात असतील तर अजून सोपं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मागता येतो. पुण्यात पेठांमधल्या जुन्या घरांतून अशी कितीतरी शस्त्रं आहेत. म्हातारी माणसं समोर आहेत, कागद कुठे आहेत हे त्यांना आठवतंय, तोवर हे काम करा.

बोअरचा एवढा बाऊ का करतात?

कारण चुकीच्या बोअरची रिव्हॉल्व्हर तुमच्या परवान्यावर चढतच नाही. सर्वसामान्य परवाना 'एनपीबी' म्हणजे अनिषिद्ध बोअरचा असतो. त्यात भारतात सर्रास दिसणारी रिव्हॉल्व्हर .३२ ची. जुन्या लष्करी वेब्ली आणि एनफिल्ड दिसायला देखण्या असतात, पण .४५५ आणि .३८० रिमवालं (बुडाला बाहेर आलेली कड असलेलं) काडतूस ज्यात बसतं ती शस्त्रं निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. तुमच्या साध्या परवान्यावर ती येणार नाहीत, विकणारा काहीही म्हणो.

.३२ मध्येही फरक आहेत. आपल्याकडची रिव्हॉल्व्हर बहुधा .३२ स्मिथ अँड वेसन लाँग या काडतुसाची. शंभर वर्षांपूर्वीच्या काही विलायती रिव्हॉल्व्हर त्याच घराण्यातल्या आखूड काडतुसासाठी बनल्या होत्या, त्यांच्या सिलिंडरमध्ये (काडतुसं धरणाऱ्या फिरत्या भागात) लाँग बसत नाही. अगदी जुन्या तर काळ्या दारूच्या जमान्यातल्या. त्यात आजचं काडतूस घालून उडवणं जिवावर बेतू शकतं. पिस्तुलाचं .३२ वेगळंच, तेही यात घालायचं नाही. नळीवर काय कोरलंय ते वाचा आणि तेच परवान्यावर आहे ना ते बघा.

कागदांत नेमकं काय बघू?

विकणाऱ्याचा मूळ परवाना मागा, फोटो नको. त्यावर यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) आहे का, मुदत चालू आहे का (आता ती पाच वर्षांची असते), शस्त्राचा प्रकार, बोअर, बनावट आणि नंबर काय लिहिलाय. मग रिव्हॉल्व्हर हातात घ्या आणि फ्रेमवरचा नंबर एकेक आकडा बोटाने धरून वाचा. ३ चा ८ झालेला, एक आकडा पुढे-मागे झालेला असं दिसतं. पूर्वी हाताने लिहिलेल्या परवान्यांवर कारकुनाची चूक वर्षानुवर्षं तशीच पुढे नूतनीकरण होत आलेली असते. ती दुरुस्ती विकणाऱ्याने करून द्यायची, तुम्ही घेतल्यावर नाही. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा मुळात नसलेला असेल तर बोलणं तिथेच थांबवा. ओळखचिन्ह नसलेलं अग्निशस्त्र विकायला कायद्याने बंदी आहे.

मूळ खरेदीचं बिल असेल तर उत्तम. नसेल तर त्याच्याकडे ते कुणाकडून आलं याची नोंद मागा.

रिव्हॉल्व्हर हातात घेतल्यावर काय तपासायचं?

आधी रिकामी आहे याची खात्री. समोरचा म्हणतो म्हणून नाही, स्वतः. सिलिंडर उघडा, एकेक घर (काडतूस बसायचं भोक) डोळ्यांनी बघा, मग करंगळी लावून बघा. काडतुसं त्या खोलीतच नकोत. आणि नळीचं तोंड कुणाकडे नको, रिकामी असली तरी.

मग सिलिंडर बंद करा आणि अंगठ्याने हॅमर (काडतुसावर आपटणारा मागचा भाग) अगदी हळू मागे ओढा. सिलिंडर फिरतं आणि शेवटी "टक्" असा बारीक आवाज होऊन जागेवर अडकतं. हे हॅमर पूर्ण मागे अडकायच्या आधी व्हायला हवं. आधी हॅमर अडकला आणि सिलिंडर अजून थोडं फिरायचं बाकी राहिलं, तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. अशी रिव्हॉल्व्हर गोळीचा कपचा बाजूला उडवते. प्रत्येक घरासाठी ही चाचणी वेगळी करा. पाच घरं बरोबर आणि सहावं चुकलेलं असू शकतं. घाईने हॅमर ओढला की सिलिंडर आपल्याच वेगाने पुढे सरकून जागेवर बसतं आणि दोष लपतो. विकणारा फटाफट ओढून दाखवत असेल तर तुम्ही पुन्हा हळू ओढा.

आता हॅमर अंगठ्याने धरून सावकाश खाली सोडा, ट्रिगर दाबलेलाच ठेवा आणि सिलिंडर दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हालचाल चालते, खडखड नको. मग पुढे-मागे हलवा. तिथे जाणवण्याइतका ढिलेपणा असेल तर दुरुस्तीचा खर्च समजा.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मोजा. नाना पेठेत गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) मिळतं, तेच वापरा. साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर फट चांगली. ०.३० च्या वर गेली तर घेऊ नका.

नळीत मागून उजेड टाका आणि समोरून बघा. आतल्या पिळदार खाचा धारदार दिसायला हव्यात. मध्येच एखादी काळी वर्तुळाकार सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली असण्याचा संभव आहे. एक गोळी आत अडकली असताना दुसरी झाडली की असं होतं. त्या जागी बाहेरून बोट फिरवा, कधी कधी फुगवटा हाताला लागतो. अशी नळी कितीही स्वस्त असली तरी नको. नळीची मागची बाजू, जिथे गोळी घरातून नळीत शिरते, तिथे बारीक तडा आहे का ते भिंगाने बघा. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर, फटीच्या बरोबर वर, ज्वाळेने खाल्लेली रेघ असते. हलकी रेघ वापराची खूण आहे, खोल खाच असेल तर बरीच काडतुसं झाडून झालेली आहेत.

शेवटी हॅमर मागे अडकवून अंगठ्याने पाठीमागून हलकेच पुढे ढकला. ट्रिगरला हात न लावता तो सुटला, तर आतले दाते झिजलेत. हा दोष सगळ्यात घातक, कारण धक्क्याने गोळी सुटू शकते.

बाहेरची चमक शेवटी बघा. नव्याने पॉलिश केलेल्या रिव्हॉल्व्हरवर कोरलेली अक्षरं बोथट होतात, कोपरे गोल होतात. स्क्रूची डोकी ओरबाडलेली असतील तर कुणीतरी चुकीच्या पान्याने आत हात घातलाय.

कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या जुन्या .३२ मध्ये वेगळं काय बघायचं?

ती वेब्लीच्या धर्तीची, मधून मोडून उघडणारी. २०१४ साली आलेली तिथलीच 'निर्भीक' ही रिव्हॉल्व्हरही त्याच पद्धतीची. यात सगळी मदार वरच्या कुलपावर आणि खालच्या बिजागरीवर असते. मूठ एका हाताने आणि नळी दुसऱ्या हाताने धरून वर-खाली हलवा. तिथे हालचाल जाणवली तर कुलूप किंवा बिजागरी झिजलीय. उघडताना रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारा चांदणीच्या आकाराचा भाग पूर्ण वर येऊन झटक्यात परत बसतो का तेही बघा.

विलायती घ्यावी की देशी?

वापरायची असेल तर देशी. सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आणायची वाट १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे, म्हणून जुन्या वेब्ली अँड स्कॉट, कोल्ट, स्मिथ अँड वेसन यांना मागाल ती किंमत येते. त्या किमतीत दुर्मीळपणा जास्त आणि पोलाद कमी असतं. स्प्रिंग किंवा फायरिंग पिन तुटली तर सुटा भाग मिळत नाही, कुणीतरी हाताने घासून बनवतो. आवड म्हणून, जपून ठेवायला घ्यायची असेल तर मी अडवणार नाही. त्यातल्या काहींचं काम खरोखर देखणं आहे.

जुनीची रास्त किंमत कशी ठरवू?

आधी नवीची आजची करासकट किंमत विक्रेत्याकडून लेखी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवर ४० टक्के जीएसटी आहे, पूर्वी २८ होता. त्यामुळे जुन्या मालाच्या मालकांनीही भाव चढवले तर नवल नाही. 'निर्भीक' बाजारात आली तेव्हा सुमारे १ लाख २२ हजारांची होती. २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरची 'प्रबळ' काढली. वेब्ली अँड स्कॉटही २०२० पासून उत्तर प्रदेशात संडीला इथे .३२ बनवते. म्हणजे आता नव्यात निवड आहे, "दुसरी मिळणारच नाही" या वाक्याला भुलायचं कारण नाही. जुनी आणि नवी यांत फरक थोडाच उरत असेल तर नवी घ्या.

"फक्त दोन-चार काडतुसं उडवलीत" या दाव्याला मी भावात धरत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसात वर्षानुवर्षं बंद पडलेली रिव्हॉल्व्हर नियमित वापरलेल्या आणि पुसलेल्या रिव्हॉल्व्हरपेक्षा वाईट असते. चामडं ओल धरतं, गंज तिथूनच लागतो.

एकदा उडवून बघितली तर?

बघायलाच हवी, पण शेतात नाही, टेकडीवर तर नाहीच. अधिकृत रेंजवर, मालक स्वतः हजर असताना, त्याच्याच परवान्यावरच्या ताज्या काडतुसांनी. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' दिसलं तर ते आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. घरात पडलेली जुनी, हिरवट काडतुसं चाचणीला वापरू नका. लग्नात, वरातीत हवेत बार काढून "बघा चालते" म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. तशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

फेसबुकवर स्वस्तात दिसतेय, "कुरिअरने घरपोच" म्हणतात.

फसवणूक आहे, नाहीतर गावठी कट्टा आहे. पैसे गेले तर नशीब समजा, माल आला तर तुरुंग.

उत्तर प्रदेशातल्या मित्राची आहे, गाडीने घेऊन येऊ का?

तुमच्या परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते बघा. महाराष्ट्रापुरता असेल तर राज्याबाहेर ते शस्त्र तुमच्या हातात असणंच बेकायदा. दोन्हीकडच्या प्राधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि नेण्या-आणण्याची व्यवस्था झाल्याशिवाय निघू नका. एका .३२ साठी हा खटाटोप क्वचितच परवडतो.

आमच्या जुन्नरकडे बिबट्या येतो. त्यासाठी घ्यावी म्हणतोय.

भीती खरी आहे, तिकडे माणसं गेली आहेत. पण .३२ रिव्हॉल्व्हर बिबट्यासाठी नाही. जखमी बिबट्या उसात शिरला की पुढच्या माणसाचा जीव जातो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांत, आहे. बंदिस्त गोठा, घराभोवती उजेड, संध्याकाळी मुलांना एकटं न सोडणं आणि वन विभागाचा १९२६ हा क्रमांक यांचा उपयोग जास्त आहे.

घरात लहान मुलं आहेत.

मग आधी तिजोरी घ्या, रिव्हॉल्व्हर नंतर. भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट मारलेली. शस्त्र रिकामं एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या तुमच्याकडे. कपाटात साड्यांखाली, गादीखाली, देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. मुलांना ती जागा तुमच्या आधी सापडते. आणि घरात कुणी खूप निराश असेल, दारूच्या आहारी गेलं असेल, तर व्यवहार पुढे ढकला. आधीच घरात असेल तर विक्रेत्याकडे जमा करून टाका. यात लाज कसली?

निवडणुकीत जमा करावी लागते का?

आचारसंहितेत परवाना शाखेकडून कळवलं गेलं की जमा करायची, पावती जपायची. व्यवहार त्याच काळात ठरला असेल तर तारखा मागेपुढे होतील. जमा करताना आणि परत घेताना ओरखडे, तेल, नंबर बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

परवानगी आली, रिव्हॉल्व्हर घेतली. आता?

परवान्यावरच्या मुदतीत ती प्राधिकाऱ्यांना दाखवून नोंद करून घ्या. विकणाऱ्याच्या परवान्यावरून ती उतरल्याची नोंदही डोळ्यांनी बघा आणि त्या पानाची प्रत ठेवा. त्याच्या परवान्यावर ती तशीच राहिली, तर पुढच्या नूतनीकरणाला एक शस्त्र दोन ठिकाणी दिसेल आणि जबाब द्यायला दोघांनाही बोलावतील. मग अधिकृत कारागिराकडून एकदा उघडून, साफ करून, तेल देऊन घ्या. चामड्याची केस फक्त नेण्यापुरती वापरा, तिजोरीत कोरड्या सुती कापडात ठेवा, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुसा.